वीरगळाच्या दगडात क्रूसाची वाट: साताऱ्यातल्या एका महाविद्यालयीन चॅपेलचं प्रकरण

सातारा शहराबाहेर कॅथलिक संस्थेचं एक महाविद्यालय आहे. त्याच्या वसतिगृहाच्या पहिल्या मजल्यावर चॅपेलसाठी, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहासाठी, एक खोली मिळाली: ३६ फूट लांब, २२ फूट रुंद, ११ फूट उंच. आरसीसीचा सांगाडा, विटांच्या भिंती, सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइलपेंट, खाली गुळगुळीत टाइल्स, छताला चार पंखे. रोजच्या मिस्सेला (वेदीवरच्या मुख्य उपासनेला) वीस-पंचवीस जण आणि रविवारी साठेक. मागणी एवढीच होती की चॅपेल इथलं वाटलं पाहिजे. संस्थेचं आणि माणसांची नावं देण्याचं कारण नाही. निर्णय कोणते घेतले आणि का घेतले, ते तपशिलानं मांडतो.

पहिल्या आराखड्यात वेदीमागे कमळ, दारावर कलश आणि आंब्याची पानं, बाजूच्या भिंतींवर वारली चित्रं, पवित्र साक्रामेंताच्या (मिस्सेतली पवित्र भाकर ठेवायच्या) पेटीवर मंदिराचं शिखर आणि छताखाली संस्कृत वचनांची पट्टी होती. यातली प्रत्येक गोष्ट भारतातल्या कुठल्या ना कुठल्या चर्चमध्ये दिसते. एकत्र आणल्यावर मात्र ती खोली कुठलीच राहत नाही. वारली चित्रकला डहाणू-जव्हारकडची, साताऱ्याच्या गावांत ती भिंतीवर कधी नव्हती. त्याहून मोठा आक्षेप विद्यार्थ्यांच्या घरांतून आला. सातारा, सांगली, सोलापूर या पट्ट्यातली अनेक ख्रिस्ती कुटुंबं दलित समाजातून आलेली आहेत. शिखर, कलश आणि संस्कृत या त्यांच्या आजोबा-पणजोबांना बंद असलेल्या दारांच्या खुणा आहेत. भारतीयीकरणाच्या नावाखाली चर्चनं उच्चवर्णीय चिन्हंच उचलली, ही टीका दलित ख्रिस्ती विचारवंतांनी १९८०च्या दशकापासून केली आहे आणि ती खरी आहे. चॅपेलमध्ये देशी संस्कृती आणायची म्हणजे कोणाची आणायची, हे ठरल्याशिवाय एकही दगड घडवायला देऊ नये.

चर्चच्या बाजूनं अडचण फारशी नव्हती. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ४ डिसेंबर १९६३ रोजी जो उपासनाविषयक दस्तऐवज जाहीर केला, त्याचं १२३वं कलम स्पष्ट सांगतं की चर्चनं कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही. १९६९ मध्ये रोमनं भारतासाठी उपासनेतले बारा बदल मान्य केले. त्यांत जमिनीवर बसणं, पादत्राणं बाहेर काढणं, हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, दांड्याचं धुपाटणं, आरती अशा गोष्टी आहेत. ती यादी नीट पाहिली तर तिच्यात एकाही देवतेचं चिन्ह सापडत नाही. बसायचं कसं, वाकायचं कसं, दिवा कशाचा, धूप कशात, एवढंच तिच्यात आहे. हेच सूत्र आम्हाला सर्वांत भक्कम वाटतं. प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारायचे: उपासनेत तिचं काम काय, आणि सातारा-सांगलीत ती आजही कोण घडवतं किंवा वापरतं? दोन्हींना उत्तर नसलेली वस्तू आराखड्यातून बाहेर.

परवानगीचा क्रम लक्षात ठेवावा. सातारा जिल्हा पुणे धर्मप्रांतात येतो. चर्चच्या कायद्यातल्या १२२३ आणि १२२४ या कलमांनुसार अशा चॅपेलला महागुरुस्वामींची, म्हणजे बिशपांची, परवानगी लागते आणि ती देण्याआधी त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या प्रतिनिधीनं जागा पाहावी लागते. एकदा परवानगी मिळाली की त्यांच्या अनुमतीशिवाय ती खोली पुन्हा वर्ग किंवा अभ्यासिका म्हणून वापरता येत नाही. म्हणून दगडाची ऑर्डर जागा पाहून झाल्यावरच द्यावी.

वेदी

वेदीसाठी काळा पाषाण हा प्रश्नच नव्हता, सह्याद्रीच्या या बाजूला दुसरा दगड शोधायचा कशाला? प्रश्न वजनाचा होता. मूळ कल्पनेत ४ फूट ६ इंच लांब, २ फूट ३ इंच रुंद आणि ४ इंच जाड फरशी होती आणि तिच्याखाली एकसंध दगडी ठोकळा. काळ्या पाषाणाची घनता घनमीटरला साधारण २,९०० किलो धरली तर नुसती फरशी २७५ ते २८० किलो भरते आणि २ × १.५ फूट तळाचा, २ फूट ८ इंच उंच ठोकळा साडेसहाशे किलोंच्या वर जातो. म्हणजे नऊशेहून जास्त किलो वजन तीन चौरस फुटांवर. तळमजल्यावर ते चाललं असतं. पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर एका ठिकाणी एवढा भार देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सही केलेला कागद लागतो, आणि इथे तो मिळण्यासारखा नव्हता.

वाट नियमातच होती. वेदीची वरची फरशी दगडी असावी अशी परंपरा आहे, पण तिचे पाय कोणत्याही योग्य, भक्कम वस्तूचे चालतात. म्हणून फरशी पाषाणाची आणि खाली ५ × ५ इंचांचे चार सागवानी खांब, वाड्याच्या खांबासारखे पायथ्याशी चौरस आणि वर निमुळते. एकूण वजन सव्वातीनशे किलोंच्या आसपास येतं. वेदीची जागाही दोन फूट सरकवली, त्यामुळे मागचे दोन खांब थेट तुळईवर येतात. ही वेदी हलवता येण्याजोगी मानली जाते. तिला आशीर्वाद दिला जातो, आत संतांचे अवशेष बसवावे लागत नाहीत. भिंतीपासून ३ फूट अंतर ठेवलं, कारण धूप दाखवताना तिच्याभोवती फिरता यायला हवं.

दगड निवडताना पाथरवट हातोडीनं वाजवून बघतो. खणखणीत आवाज आला तर आत भेग नाही, बद्द वाजला तर तो परत. पांढरे ठिपके असलेला सच्छिद्र दगड घेऊ नये. त्या पोकळ्यांतले स्फटिक टाकीच्या ठोक्यानं निघतात आणि वरच्या फरशीवर खड्डे पडतात, मग पवित्र कापडावर ठेवलेला चषक डुगडुगतो.

उंचीचा वाद दोन बैठका चालला. जमिनीवर बसून मिस्सा करायची तर दीड फूट उंचीची वेदी हवी. पण मग मागे खुर्च्यांवर बसलेल्या वयस्कर मंडळींना ती दिसत नाही आणि गुडघे दुखणाऱ्या फादरांना उठता येत नाही. शेवटी ३ फूट १ इंच उंचीची वेदी ५ इंचांच्या एकाच पायरीवर ठेवली. लोक जमिनीवर बसतात, फादर उभे राहतात. पहिली रांग पायरीपासून किमान ६ फूट मागे हवी, नाहीतर मान वर करून बसावं लागतं. एका माणसाला दोन बाय अडीच फूट धरले तर मधली ४ फुटांची वाट सोडूनही साठ जण बसतात.

क्रूसाची वाट

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय क्रूसाच्या वाटेच्या, म्हणजे येशूच्या शिक्षेपासून दफनापर्यंतचे प्रसंग सांगणाऱ्या, १४ स्थानांचा. बाजारात मिळणारी प्लास्टरची रंगीत स्थानं नको होती आणि वारली तर बाद झालीच होती. तेव्हा वीरगळाची कल्पना पुढे आली.

सातारा जिल्ह्यात वीरगळ ठिकठिकाणी आहेत. वाई तालुक्यातल्या किकलीला भैरवनाथाच्या देवळाजवळ तर ते मोठ्या संख्येनं आहेत. उभ्या शिळेवर तीन-चार कप्पे असतात आणि ते खालून वर वाचायचे. तळाच्या कप्प्यात लढाई आणि वीराचा मृत्यू, त्यावर अप्सरा त्याला वर नेतात, त्यावर तो शिवलिंगाची पूजा करतो, शेवटी कलश आणि दोन बाजूंना सूर्य-चंद्र. वीरगळ राजांसाठीच उभारले असं नाही. गावाच्या गाई सोडवताना पडलेल्या माणसाचेही वीरगळ आहेत. दुसऱ्यासाठी जीव दिलेल्या माणसाची आठवण दगडात ठेवण्याची ही इथली रीत आहे, आणि क्रूसाची वाट सांगायला तिच्याहून जवळची भाषा या जिल्ह्यात नाही, असं आमचं मत आहे.

तरीही वीरगळ जसाच्या तसा उचलता येत नाही. पहिली सूचना तीन उंच शिळांची होती, प्रत्येकीवर चार-पाच प्रसंग. ती नाकारली. क्रूसाची वाट चालायची असते, एका स्थानाकडून दुसऱ्याकडे जायचं असतं. एकत्र प्रार्थनेत सगळ्यांना हलायला जागा नसेल तर निदान पुढाकार घेणाऱ्यानं तरी चालावं, असा संकेत आहे. तीन शिळा उभ्या केल्या की चालणंच संपतं. शिवाय तळाचे प्रसंग गुडघ्याच्या उंचीवर आल्यानं गर्दीत दिसत नाहीत. दुसरी अडचण आशयाची. वीरगळाच्या वरच्या कप्प्यातलं शिवलिंग काढून तिथे क्रूस बसवला तर ते एका जिवंत श्रद्धेवर दुसरी श्रद्धा चिकटवल्यासारखं होतं. कोणत्याही हिंदू विद्यार्थ्याला ते बोचेल, आणि बोचावंच.

म्हणून १४ सुट्या शिळा घेतल्या आणि वीरगळाची फक्त वाचायची दिशा ठेवली. प्रत्येक शिळा १२ इंच रुंद, १८ इंच उंच, २ इंच जाड. खालच्या १२ इंचांत प्रसंग, वरच्या ६ इंचांत काही न कोरता सोडलेला दगड आणि मधोमध ३ इंचांचा लाकडी क्रूस. हा क्रूस सजावट नाही. परंपरेनं स्थान म्हणजे क्रूसच, चित्र नंतरची भर. वीरगळात वरच्या कप्प्यात वीराला काय मिळालं ते दिसतं. इथे चौदाही वेळा तिथे तोच क्रूस आहे.

सूर्य-चंद्र मात्र ठेवले, फक्त बाराव्या, म्हणजे येशूच्या मृत्यूच्या, स्थानावर. क्रुसाच्या दोन बाजूंना सूर्य आणि चंद्र दाखवण्याची पद्धत मध्ययुगीन ख्रिस्ती कलेत पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे दोन्हीकडे आहे. शुभवर्तमानात येशूच्या मृत्यूच्या वेळी सूर्य झाकोळल्याचा उल्लेख आहे, तिथून ती आली. वीरगळावरचे सूर्य-चंद्र सांगतात की ते आकाशात आहेत तोवर ही आठवण राहील. अर्थ वेगळे, जागा एकच. अशा ठिकाणी दोन परंपरा कुणी ओढून न आणता शेजारी उभ्या राहतात. संपूर्ण चॅपेलमध्ये एवढी एकच गोष्ट नीट साधली तरी काम झालं.

प्रसंगांतली माणसं ठरवताना वेशभूषा घातक ठरू शकते. येशूला शिक्षा देणारा रोमन सुभेदार पिलात आणि शिपाई यांना पगडी, फेटा किंवा मोगली अंगरखा चढवला की खलनायक कोणत्या तरी ओळखीच्या समाजाचा होतो. म्हणून शिपायांचे हात, भाले आणि पाठी एवढंच कोरायचं. उलट कुरेणेचा शिमोन हा शुभवर्तमानानुसार रानातून येत होता, त्यामुळे पाचव्या स्थानावर त्याच्या खांद्यावर घोंगडं आलं तर ते मूळ कथेला धरूनच आहे. आठव्या स्थानावरच्या यरुशलेमच्या स्त्रिया नऊवारीत, एकीच्या कमरेला खुरपं खोचलेलं. सहाव्या स्थानावर व्हेरोनिकेच्या हातात साधं उपरणं.

शिळा घडवताना उठाव अर्ध्या इंचापेक्षा कमी ठेवू नये. काळ्या दगडात उथळ कोरीव काम दिसत नाही. पॉलिश करू नये, चकाकीत आकृती बुडते. मागची पातळी टाकीची खडबडीत ठेवून उठावाचा भाग तेवढा घासायचा, म्हणजे रंग न देता फरक दिसतो. पाथरवट शेवटी तेल चोळतात, ते इथे टाळावं, धुपाची काजळी तेलाला धरते. समोरून ट्यूबलाइट लावली तर उठाव सपाट दिसतो. दिवा वरून, भिंतीपासून ६ ते ८ इंचांवरच हवा. एका शिळेचं वजन सुमारे २० किलो भरतं. ती टाइलच्या चिकटद्रव्यावर लावली तर खालचा ऑइलपेंट सुटून कधी ना कधी पडणार. प्रत्येक शिळेला ८ मिमीच्या चार स्टेनलेस स्टीलच्या खुंट्या, विटेत ४ इंच आत, आणि खाली लोखंडी अँगलचा आधार. लाकडी क्रुसाच्या खाचेत चारही बाजूंनी १ मिमी मोकळीक ठेवावी, पावसाळ्यात सागवानही फुगतं आणि दगडाची कड उडते.

जागेचं गणितही सुटसुटीत नव्हतं. वेदीचा भाग वगळता बाजूची भिंत २६ फूट, त्यात एका बाजूला ४-४ फुटांच्या तीन खिडक्या. उरले साडेतीन फुटांचे चार पट्टे. सात शिळा समान अंतरावर बसवायचा हट्ट सोडला आणि दोन-दोन-दोन-एक अशा लावल्या. शिळेचा मध्य जमिनीपासून साडेचार फुटांवर.

मरिया

मरियेला साडी नेसवणं नवीन नाही. गोव्यात १९०२ मध्ये जन्मलेले आंजेलो दा फोन्सेका शांतिनिकेतनात शिकून पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत भारतीय मरिया रंगवत राहिले. त्यांना स्वकीयांचा विरोधही सोसावा लागला. या जिल्ह्यालाही मरियेची आकृती अनोळखी नाही. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर, १७३९च्या वसई मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरिया आहे.

साताऱ्यात खरी अडचण दुसरीच आहे. नऊवारीतली माता आणि शेजारी मुलगा असं चित्र इथे कुणीही जिजाऊ-शिवबा म्हणूनच वाचतो. पहिल्या रेखाटनात काठपदराची साडी, चौरंगासारखं आसन आणि समोर उभा मुलगा होता. पाहणाऱ्यांनी तेच नाव घेतलं. दोन्हीकडच्या भावनांचा विचार करता ही गल्लत राहू देणं योग्य नव्हतं. बदल असे: आसन काढलं, मरिया जमिनीवर बसलेली. साडी इरकली, रोज कामाला नेसतात तशी, डोक्यावर पदर. मूल तान्हं, मांडीवर, त्याच्या प्रभामंडळात क्रूस. दागिने नाहीत. चित्रकारानं सवयीनं कुंकू लावलं होतं, तेही काढलं. इथल्या अनेक मराठी ख्रिस्ती घरांत बायका कुंकू लावत नाहीत. मंगळसूत्राची चर्चा लांबली, शेवटी पदराच्या घडीनं गळा झाकला.

चित्र आधी वेदीशेजारच्या चुन्याच्या गिलाव्यावर थेट काढायचं होतं. नमुन्याच्या तुकड्यावर प्रशियन निळा वापरला आणि तो तपकिरी पडला, कारण चुन्याचा क्षार हा रंग मोडतो. चुन्यावर गेरू, पिवळी माती, काजळी, अल्ट्रामरीन हे टिकतात. चित्र अखेर सुट्या २ × ३ फुटी फळीवर गेलं आणि भिंत पांढरीच ठेवली. चुना लावण्याआधी ऑइलपेंट आणि सिमेंटचा गिलावा विटेपर्यंत खरवडावा लागतो, नाहीतर तो धरत नाही. पहिला थर १२ मिमी, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू, मग ६ मिमी, शेवटी २-३ मिमी घोटाई. चुना पुरेसा भिजलेला नसला तर महिन्याभरानं भिंतीवर फुटकुळ्या येतात. हे काम दसऱ्यानंतर काढावं.

पेटी आणि दिवा

पवित्र साक्रामेंताच्या पेटीसाठी घरातल्या देव्हाऱ्याचा आकार सुचला. जाळीदार दारं सुंदर दिसतात, पण पेटी बंद, भक्कम, आरपार न दिसणारी, कुलपाची आणि हलवता न येणारी असावी असा नियम आहे. जाळी बाहेर ठेवून आत पितळी पेटी भिंतीला बोल्टनं आवळली. वर शिखर नाही, वाड्याच्या दारासारखी साधी महिरप आहे. तिच्यापुढच्या अखंड दिव्यासाठी लामणदिवा अगदी चपखल बसतो. देवघरात नंदादीप जे काम करतो तेच इथे. बारीक वातीला तासाला ३ ते ५ मिली तेल लागतं, म्हणजे दिवसाला १०० मिलीच्या आसपास. वाटी दीडशे मिलीची घ्यावी, म्हणजे एकदा भरली की पुरते. वात जाड झाली की तेल दुपटीनं जातं आणि छत काळं होतं.

वेदीजवळच्या दोन समयांवर मोराऐवजी साधी कळी ठेवली. त्यांचा शत्रू पंखा. वेदीवरचा छताचा पंखा काढून मागच्या दोन भिंतींवर पंखे लावले, तेव्हा कुठे वाती टिकू लागल्या. दारातल्या पवित्र पाण्यासाठी तांब्याचं घंगाळ चालतं. पाण्यात मीठ घालून आशीर्वाद देत असतील तर आतून कल्हई हवी, नाहीतर आठवड्यात हिरवट थर येतो. रांगोळी दाराबाहेर, आणि तिच्यात क्रूस नको, कारण तिच्यावर पाय पडतो.

आवाज

टाइल्स, दगड आणि चुना यांमुळे खोली घुमते. मागच्या भिंतीवर माण-खटाव भागातली दोन हातमागाची घोंगडी, भिंतीपासून दोन इंच सुटी टांगली, त्यानं बराच फरक पडतो. घोंगडं मशीनमध्ये धुऊ नये, आटतं. पावसाळ्यानंतर ऊन द्यावं आणि कडुनिंबाचा पाला ठेवावा, नाहीतर कसर लागते. मिरजेच्या कारागिरांचा तंबोरा आणि टाळांचे दोन जोड एवढं साठ माणसांच्या भजनाला पुरतं. गायला काय घ्यावं याची चिंता साताऱ्यात नसावी. फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, आणि अभंगातून ख्रिस्त गाणारे प्रॉटेस्टंट कवी ना. वा. टिळक यांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ याच शहरात सुरू केला.

हलगीवरून मतभेद झाला. काहींना ती चॅपेलला शोभणारी वाटत नव्हती. पण इथल्या कितीतरी ख्रिस्ती घरांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वाद्य तेच आहे. तंबोरा चालतो आणि हलगी नाही, या निवडीत जात आहे आणि ती तशीच सोडून देता येत नाही. बंद खोलीत हलगीचा आवाज कानाला सोसत नाही हे खरं. म्हणून झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक फाटकापासून जिन्यापर्यंत हलगीवरच निघेल, असं लेखी ठरलं.

शिळा घडवायचा क्रम स्थानांच्या क्रमानं ठेवलेला नाही. आधी पाचवं आणि आठवं, कारण घोंगडं, खुरपं, नऊवारी ही पाथरवटाच्या रोजच्या नजरेतली आहेत आणि हात बसतो. त्या दोन शिळा भिंतीवर तात्पुरत्या टेकवून, दिवा लावून, महागुरुस्वामींच्या प्रतिनिधीला आणि विद्यार्थ्यांना दाखवायच्या. उठावाची खोली आणि वरचा कोरा कप्पा तिथे पक्का झाला की उरलेल्या घ्यायच्या. बारावी सर्वांत शेवटी.